सर्जाच्या कमरेचं माप

फोन आला तेव्हा मी एका बाईंच्या पर्सची चेन बदलत होतो. सर्जेरावचा मेव्हणा होता. "दाजी गेले," एवढंच म्हणाला. मी म्हणालो, "बरं." मित्र गेल्यावर कुणी बरं म्हणतं का... पण तोंडातून तेच आलं. मग मी ती चेन पूर्ण बसवली, दोनदा उघडझाप करून बघितली, अडकली तर मेणबत्ती घासा असं बाईंना सांगितलं, आणि त्या गेल्यावर दुकानाचं शटर ओढून कसबा बावड्याची रिक्षा धरली. या गोष्टीला पाच आठवडे झाले. मला अजून रडू आलेलं नाही. मुलगी म्हणाली, बाबा, बोलत नाही तर निदान लिहा. म्हणून बसलोय.

सर्जेराव आणि मी बावड्याच्या शाळेत एका बाकावर. तो पोलिसात गेला, मी वडिलांच्या चामड्याच्या कामात. राजारामपुरीतल्या आतल्या गल्लीत माझं दुकान आहे. पट्टे, बॅगा, पाकिटं, आणि गिऱ्हाईक आलं तर होल्स्टर, म्हणजे पिस्तूल ठेवायची खोळ. हे शेवटचं काम मी शिकलो तेच सर्जामुळं. त्याला एका पुढाऱ्याच्या अंगरक्षकाची ड्यूटी लागली, साध्या कपड्यातली. सरकारी होल्स्टर गणवेशावर ठीक, पण बुशशर्टाखाली घातलं की कमरेला कुणी तांब्या बांधल्यासारखं दिसायचं. तो दुकानात आला आणि गुरकावला, "मिल्या, कायतरी कर बाबा. लगीनघरात बाया माज्याकडं बघून पोरं आत घेत्यात."

मी त्याला आधी पट्टा करून दिला. हे त्याला पटत नव्हतं. "मी होल्स्टर मागतोय आन् तू पट्टा देतोयस व्हय?" पण वजन पेलायचं असतं पट्ट्यानं. पट्टा लेचापेचा असला की खोळ लोंबकळते आणि दिसते. दीड इंच रुंद, दोन पदरी, मधे कडक अस्तर. मग सुताराकडून पिस्तुलाच्या मापाचा सागवानी ठोकळा करून घेतला, चामडं कोमट पाण्यात भिजवलं, ठोकळ्यावर चढवून चमच्याच्या दांड्यानं दाबत दाबत त्याचा आकार उठवला. चाप पूर्ण झाकलेला हवा, वर मूठ निसटू नये म्हणून बटणाची पट्टी हवी, आणि अंगाच्या बाजूनं चामडं थोडं उंच, म्हणजे लोखंड कातडीला घासत नाही, घामही लागत नाही. उजव्या कमरेच्या हाडाच्या जरा मागं, मूठ किंचित पुढं कललेली. सरळ ठेवली की वाकल्यावर शर्टातून मूठ वर येते.

मग परीक्षा. सर्जानं पिस्तूल रिकामं करून मला दोनदा दाखवलं, तेव्हाच ते खोळीत गेलं. मी त्याला वाकायला लावलं, स्टुलावर बसवलं, वरच्या फळीवरची बॅग काढायला लावली, बाहेर उभ्या रिक्षात चारदा चढ-उतर करायला लावली. रिक्षावाला वैतागला. शेवटी सर्जा समोरच्या चहाच्या गाड्यावर गेला आणि एका अनोळखी माणसापुढं छाती काढून उभा राहिला. "पावणं, माज्याकडं नीट बघा. काय दिसतंय?" तो माणूस वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "पोट दिसतंय की." सर्जा तिथूनच ओरडला, "पास झालास रं मिल्या!" पुढं कित्येक महिने तो ही गोष्ट ज्याला त्याला सांगायचा, आणि दर वेळी पोट थोडं वाढवून सांगायचा.

पोट खरंच वाढलं. मी त्याला तीन होल्स्टरं करून दिली, पट्टे पाच. घट्ट शर्ट घेऊ नको, एक नंबर मोठे घे, हे त्याला मीच शिकवलं. पट्ट्याचं भोक बाहेर सरकलं की मी चिडवायचो आणि तो साहेबांच्या घरच्या जेवणाला शिव्या द्यायचा. माणूस बडबड्या, पण ड्यूटीवर असला की तोंडाला कुलूप. आमच्या घरच्या लग्नातही ड्यूटीवरून तसाच आला तर पंगतीला बसायचा नाही. ताट हातात घेऊन भिंतीला पाठ लावून उभ्यानं जेवायचा, आणि माझी आई त्याला दर वेळी रागवायची.

दिवाळीच्या आधी तो आला आणि म्हणाला, "टोचतंय." कुठं, तर उजव्या बाजूला, मागं. मी खोळीची कड रापीनं तासून पातळ केली. आठ दिवसांनी परत. मी मागून मऊ मेंढीचं कातडं लावलं. परत आला. मी कल बदलून बघितला, खोळ बोटभर खाली घेतली. त्या वेळी पट्टा ढिला होता म्हणून आतल्या बाजूला एक नवं भोक पाडलं. पंधरा दिवसांनी आणखी एक. मी विचारलं, "वजन उतरवलंस व्हय रं?" तर म्हणाला, "साहेब सकाळी पळायला जातंय. मागनं मलाबी पळाय लागतंय." दोघंही हसलो. मला वाटलं, चांगलं झालं. पाच पट्टे बाहेर-बाहेर गेलेला माणूस पहिल्यांदा आत आला होता.

मग एका दुपारी त्यानं सांगितलं, उजवीकडं आता सोसवत नाही, डाव्या बाजूचं कर. डावीकडं पुढच्या अंगाला, मूठ उजव्या हाताकडं. मी म्हणालो, एकदा डॉक्टरला दाखव की. तर एकदम गंभीर झाला. "डाक्टरनं कायबाय लिवलं तर हत्याराची ड्यूटी काढून घेत्यात. मग बसतो हजेरी लिवत. आन् घरात बोलू नगंस, तुजी वहिनी मागं लागंल." मी नाही बोललो. नवा ठोकळा केला, चामडं निवडून घेतलं, टाके हातानं घातले. इतकं चांगलं काम माझ्या हातून पूर्वी झालं नव्हतं, हे आजही म्हणतो. त्यानं घातलं, वाकला, बसला, माझ्या पाठीत एक गुद्दा घातला. "झ्याक! कायबी टोचत न्हाय." मी दिवसभर खुशीत होतो.

तीन महिन्यांनी तो ड्यूटीवर चक्कर येऊन पडला. उजव्या मूत्रपिंडावर गाठ होती, आणि ती तोवर बरीच पसरली होती. दवाखान्यात भेटायला गेलो तर तो मलाच धीर द्यायला लागला. मी त्याच्या बारीक झालेल्या मनगटाकडं बघत बसलो. माझा धंदा मापाचा. हा माणूस दोन भोकं आत आला, ती मी माझ्या हातानं पाडली, आणि मला चामड्यापलीकडं काही दिसलं नाही. मला माझा राग येतो. तोही लांबून आल्यासारखा येतो, आणि मी परत काम करत बसतो.

गेल्या आठवड्यात सुनंदावहिनी दुकानात आल्या, सर्जाची बायको. पिस्तूल खात्यानं जमा करून घेतलं होतं. खोळ खाजगी, म्हणून ती घरी परत दिली. त्यांनी ती पिशवीतून काढून काउंटरवर ठेवली. मागच्या बाजूनं चामडं त्याच्या अंगाला धरून वळलं होतं, घामानं काळं पडलं होतं.

"भावजी, हे डाव्या अंगाचं हाय न्हवं? ते तर उजवीकडं लावायचे. हे कवा केलं?"

"दिवाळी झाल्यावर," मी म्हणालो.

"तवा दुकत हुतं त्यास्नी?"

खोटं बोलता आलं असतं. "व्हय वहिनी. मला म्हाईत हुतं. घरात बोलू नको म्हणाला, म्हणून न्हाय बोललो."

त्यांनी खोळीच्या काळ्या पडलेल्या बाजूवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "मला कळलं हुतं, भावजी. रातचं कुशीवर वळताना कण्हायचे. मी शाहूपुरीतल्या डाक्टरकडं नंबर लावला हुता. मग एक दिवस हसत आले. म्हणले, मिल्यानं दुरुस्त केलं, आता कायबी दुकत न्हाय. काय दुरुस्त केलं, ते मी इचारलंच न्हाय... नंबर काढून टाकला."

त्यांनी खोळ उचलली, उलटसुलट करून बघितली आणि पदरावरूनच स्वतःच्या डाव्या कमरेला लावली.

"हितं बसायचं?"

"जरा फुडं, वहिनी. आन् थोडं तिरकं."

त्यांनी ती पुढं सरकवली, तिरकी केली, तळव्यानं दाबून धरली. बाहेर रस्त्यावर कुणी तरी हॉर्न देत होतं.

"व्हय की," त्या म्हणाल्या. "कायच टोचत न्हाय."