ब्रेकमास्तरांचं रीळ

ब्रेकमास्तरांच्या घरात बरणी उघडायची म्हणजे शेजाऱ्यांना हाक मारावी लागे. झाकण मास्तरांनी लावलेलं असे. नळ त्यांनी बंद केला की त्यांनीच येऊन सोडायचा, बाकीच्यांनी तोवर तहान गिळायची. नातीच्या बुटांच्या नाड्या त्यांनी एकदाच बांधल्या. पोरगी संध्याकाळी बुटांसकट झोपली, कारण गाठ कुणाच्या बापाला सुटेना. सगळी नोकरी लिफ्टचे ब्रेक बसवण्यात गेली होती. नोकरी संपली, हात मात्र तसाच राहिला.

बायको घरी बसून लोकांचे कपडे उसवून नीट मापाचे करून द्यायची. ती म्हणायची, "आमच्या ह्यांनी पहिल्यांदा माझा हात धरला ना, तेव्हा चार दिवस सुईत दोरा ओवता आला नव्हता." ऐकणारे खो-खो हसत. तीही हसे.

'ढील' हा शब्द मात्र त्या घरात ती जपून वापरायची. तरुणपणी मास्तर एका इमारतीच्या तळघरात उभे असताना वरून आवाज आला होता. किर्रर्रर्र, लांबलचक. लिफ्टचा ब्रेक घसरला होता. तो दुसऱ्याच कुणी बसवला होता. लिफ्टमधला माणूस जगला, पण पुन्हा कधी उभा राहिला नाही. मास्तरांनी हे बायकोला एकदाच सांगितलं, आवाजासकट. आणि मग उठून घरातला एकूण एक स्क्रू पिळून आले.

परदेशवारीची टूम साडूची. साडू म्हणजे भोंगाच. आयुष्यभर पंखे विकले, आता गप्पा विकत होता. "साडूभाऊ, गरम समुद्र, निळंशार पाणी! दोघी बहिणी किनाऱ्यावर पाय पसरून बसतील. आपण दोघं होडीत. आणि गळाला मासा असा, असा, आपल्या फ्रीजएवढा!" मास्तरांनी आजवर धरलेला सर्वांत थोर मासा तळ्यातला होता. तो ताटलीत मावून वर लिंबाच्या फोडीला जागा उरली होती.

तर गळाचं सामान घ्यायला तिघं दुकानात गेले. बायको पिशव्या धरायला.

दुकानदार नाकातून बोलायचा आणि प्रत्येक वाक्याआधी थांबायचा, जणू वाक्य गोदामातून आणावं लागतंय. मास्तरांची तळ्यावरची काठी त्याने दोन बोटांत थर्मामीटरसारखी धरली, वाकवून बघितली आणि हळूच परत दिली.

"हंऽऽ... समुद्र गरम की थंड?"

"गरम! आंघोळीचं पाणी!" साडू म्हणाला.

"हंऽऽ... मग मासा मोठा. वजन किती?"

"अहो, अजून धरला कुठाय? वजन कसं सांगू?" मास्तर म्हणाले.

"माशाचं नाही. तुमचं."

"माझं कशाला?"

"मासा विचारत नाही, म्हणून मी विचारतो."

साडूने टाळीसाठी हात पुढे केला. दुकानदाराने टाळी दिली नाही.

मग त्याने एकेक वस्तू काउंटरवर मांडली. आखूड, जाड काठी. तिच्यावर बसवलेलं रीळ. रिळावर गुंडाळलेला विणलेला दोर, शिवणाच्या दोऱ्याहून थोडा जाड, पण दातांनी तुटेना. त्याच्या टोकाला लावायची तार, "त्यांना दात असतात म्हणून". खाऱ्या पाण्यात न गंजणारे गळ. बायकोने एक गळ उचलला. तिच्या हँगरच्या हुकाएवढा होता, फक्त हँगरला असं टोक नसतं. तिने तो लगेच खाली ठेवला आणि हात पदराला पुसला.

शेवटी आला पट्टा. खांद्यांवरून, कमरेभोवती, बाजूला प्लास्टिकचं बक्कल. काठी या पट्ट्यात अडकवायची, म्हणजे हात भरून येत नाहीत.

"म्हणजे माणूस काठीला बांधला," बायको म्हणाली.

"हंऽऽ... काठी माणसाला, दोर काठीला, मासा दोराला. म्हणून तर रिळावर ही चकती." त्याने चकती थोडी फिरवली. "मासा धावला की रीळ घसरलं पाहिजे. त्याला पळू द्यायचं. दमला की ओढायचं. ढील द्यायची." आणि त्याने दोर खस्सकन ओढला.

किर्रर्रर्र.

मास्तरांनी झडप घालून रीळ मुठीत दाबलं. चेहरा चुना फासल्यासारखा.

"हे बिघडलंय," ते म्हणाले.

"नाही हो. असंच असतं."

"घसरतंय की!"

"घसरायलाच केलंय."

"ज्याचं काम धरायचं, त्याने धरायचं! घसरायचंच होतं तर धरलं कशाला?"

बायकोने त्यांच्या बाहीला हात लावला. "अहो, आम्ही कपड्यालासुद्धा शिवणीत माया सोडतो. नाहीतर माणूस वाकला की टर्रकन फाटतं."

"सोड तू तुझ्या कपड्यांत माया! मासा काय माप द्यायला येतोय?"

साडू हसून हसून काउंटरवर आडवा झाला. दुकानदार सामान बांधत राहिला. पिशवी बायकोच्या हातात देताना मात्र पुटपुटला, "वहिनी, एक तर ढील द्यायला लावा, नाहीतर पट्टा घालू देऊ नका. दोन्ही घट्ट असलं ना, तर मासा नुसता दोर नेत नाही."

ती घरी येईपर्यंत पिशवी अंगापासून लांब धरून चालली.

घरी मास्तरांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून रीळ खोललं. आतल्या चकत्या काढून ओळीने मांडल्या, हसले, आणि त्यांच्या जागी बसवायला जुन्या डब्यातून लिफ्टच्या ब्रेकचं लायनिंग, म्हणजे पकड घेणारा खरखरीत तुकडा, काढलं. कानस घेऊन ते गोल घासत बसले. तोंडाने शीळ.

"काय करताय?"

"सुधारतोय."

"दुकानदार म्हणाला होता..."

"दुकानदार विकतो. मी दुरुस्त करतो."

रविवारी गल्लीत चाचणी झाली. साडूच्या स्कूटरला मागे दोर बांधला. मास्तर पट्टा घालून, काठी अडकवून, पाय फाकवून उभे. गॅलऱ्यांत माणसं जमली. साडूने गर्जना केली, "प्रवाशांनो, मासा सुटत आहे!" आणि स्कूटर सोडली.

रीळ गप्प राहिलं. दोर ताणला, टुंग् असा आवाज आला, आणि मास्तर उभ्याचे आडवे झाले. कोपरांवर, मग हनुवटीवर, घासत निघाले. हात मोकळे होते, पण मोकळ्या हातांनी जमिनीखेरीज धरायचं काय? "थांबा! भावजी, थांबा!" बायको ओरडत धावली. स्कूटरच्या फटफटीत साडूला काही ऐकू जाईना. इंजिन आपणहून बंद पडलं तेव्हा कुठे सगळं थांबलं.

मास्तर उठले. हनुवटीतून रक्त, पँट गुडघ्यावर फाटलेली, आणि तोंडभर हसू.

"घसरलं नाही! बघितलंत? सूतभरसुद्धा नाही!"

गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या. साडू डोळे पुसत हसत होता.

"आणि तुम्ही घसरलात, त्याचं काय?" बायकोने विचारलं.

"अगं, गल्ली गुळगुळीत आहे. होडीत पाय रोवायला कठडा असतो."

"कठडा कितीसा उंच असतो?"

मास्तरांनी हात गुडघ्यापाशी धरला. मग स्वतःच त्या हाताकडे बघितलं, आणि हात खिशात घातला.

त्या रात्री जेवताना तिने जाहीर केलं, "मी किनाऱ्यावर बसणार नाही. होडीत येणार."

"ताई, तुम्हाला तर टबात बसलं तरी मळमळतं!" साडू म्हणाला.

"मळमळू दे. मी ह्यांच्या शेजारी बसेन." बक्कल दाबलं की सुटतं, ते दुकानातच तिने बघून ठेवलं होतं. एक हात बक्कलावर ठेवायचा, बाकी समुद्राला काय करायचं ते करू दे. हे ठरल्यावर तिला जरा घास गेला.

निघायच्या दिवशी बॅगा दाराशी लागल्या तेव्हा ती म्हणाली, "एकदा पट्टा घाला बघू."

"आत्ता? गाडी यायची झाली."

"घाला हो."

त्यांनी घातला. तिने डोळे मिटले, हात बाजूला नेला, चाचपला. गार लोखंड लागलं. डोळे उघडले तर बक्कलाच्या जागी नट आणि बोल्ट.

"बक्कल कुठाय?"

"काढून टाकलं. प्लास्टिकचं ते! नुसतं बोट लागलं तरी सुटायचं. कुणाचं कोपर लागलं म्हणजे?"

"मग सोडायचा कसा?"

"पान्याने. बघ ना, इथे लावायचा."

तिने पाना घेतला, नटावर बसवला आणि जोर केला. मग दोन्ही हातांनी. मग सगळं अंग टाकून. खाली गाडीचा हॉर्न वाजला. साडूची हाक आली, "चला, मासे वाट बघताहेत!"

पाना केसभरही हलला नाही. तिच्या तळव्यांवर त्याची खूण उमटली.

"लाव, लाव, दम लाव," मास्तर छाती पुढे काढून म्हणाले. "बघ, सुटतोय का!"