शाश्वत पर्यटन, मुक्काम चिंचवड

चिंचवडच्या एका कॉलेजात मी टूरिझमच्या पोरांना ‘शाश्वत पर्यटन’ शिकवते. म्हणजे निसर्गाला त्रास न देता फिरायचं कसं, ते. विषय गंभीर आहे. तरी स्टाफरूममध्ये डबा उघडायच्या आधी सगळे मलाच विचारतात, "आज काय झालं?"

*

पहिली असाइनमेंट होती, कमीत कमी प्रदूषण करणारी दोन दिवसांची सहल आखा. सांगवीच्या रोहनने ती एका ओळीत आखली: ‘सर्वांनी घरीच थांबावे.’

"अरे, मग टूर कंपनी जगणार कशावर?"

"कॅन्सलेशन चार्जेस, मॅडम."

*

त्याच वर्गातल्या प्रणालीचे वडील चाकणला गाड्यांच्या कारखान्यात आहेत. एकदा फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर थेट कॉलेजात आले.

"मॅडम, आम्ही गाड्या बनवतो तेव्हा हिची फी भरली जाते. आणि तुम्ही हिला शिकवता, गाडीत बसू नका?"

मी सार्वजनिक वाहतुकीवर बरंच बोलले. प्रणाली खाली मान घालून म्हणाली, "पप्पा, तुम्ही कंपनीच्या बसने जाता, मी सिटी बसने येते. गाडीत मॅडमच बसतात."

काका विरघळले. जाता जाता म्हणाले, "सर्व्हिसिंग वेळेवर करत जा, मॅडम."

*

गाइडगिरीचं प्रात्यक्षिक मोशीला, इंद्रायणीकाठी ठेवलं. पाण्यावर पांढरा फेस तरंगत होता. रोहनने पाण्याची बाटली माइकसारखी धरली.

"पर्यटकहो, समोर बर्फ पाहा. काश्मीरचं विमानभाडं वाचलं."

काठावर म्हैस घेऊन उभे असलेले आजोबा म्हणाले, "व्हय, पण काश्मीर नाक दाबून बघत न्हाईत."

*

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. माणूस कडक, आधीच्या दोघी रडतच बाहेर पडल्या होत्या. शेजारी आमचे प्राचार्य. प्रणालीला एका रिसॉर्टमध्ये नोकरी मिळाली होती, पण पास झाली तरच.

"ग्रीनवॉशिंग म्हणजे काय?"

प्रणाली व्याख्या विसरली. मी तिच्याकडे बघायचंच टाळलं.

"सर, उदाहरण दिलं तर चालेल?"

"द्या."

"मागच्या महिन्यात कॉलेजात तपासणी समिती आली होती. आदल्या दिवशी टेम्पो भरून कुंड्या आल्या. समितीची गाडी गेटबाहेर पडली, आणि कुंड्या न्यायला टेम्पो आत आला. ते ग्रीनवॉशिंग."

परीक्षकांनी प्राचार्यांकडे पाहिलं, मग पूर्ण मार्क लिहिले.

प्राचार्यांनी चष्मा काढून सावकाश पुसला. म्हणाले, "स्थानिक उदाहरणं द्या, हा आमचाच आग्रह असतो."