बटाट्यांना मानवंदना

शारजाच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या भिंतीवर माझ्या नवऱ्याचा फोटो आहे. लष्कराच्या वर्दीतला. त्याला चंदनाचा हार आहे, कारण माणूस गेल्यावर फोटोला हार घालतात. वर्दीतलाच फोटो का, तर दुसरा नव्हता. भरती झाल्यावर हौसेने स्टुडिओत जाऊन एकदा काढला, त्यानंतर त्याने कॅमेऱ्यासमोर कधी तोंड दाखवलं नाही. बनियनवर अंगणात बसलेला एखादा जरी फोटो निघाला असता, तरी पुढचा सगळा तमाशा टळला असता.

नात कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. कॉलेज दुबईत, आपल्याच लोकांचं. तिथे मुलींची फुटबॉलची टीम आहे आणि ही त्या टीममध्ये होती. होती म्हणजे, बाकावर होती. हे मला कोणी सांगितलं नाही. कपडे मी धुते. इथल्या मैदानांवर खरं गवत नसतं, प्लास्टिकचं असतं आणि त्यात काळ्या रबराचे बारीक दाणे पसरलेले असतात. तिच्या मैत्रिणी मॅचनंतर घरी आल्या की त्यांच्या बुटांतून, मोज्यांतून ते दाणे माझ्या लादीवर सांडायचे. हिच्या मोज्यातून कधी एक पडला नाही. जर्सी इस्त्री करून दिली तशी परत यायची. तरी ती मशीनमध्ये टाकायची आणि मीही धुवायचे.

शेवटची मॅच जवळ आली तेव्हा एक दिवस स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आजी, कोचने प्रॉमिस केलंय. लास्ट मॅच आहे ना. सेकंड हाफच्या शेवटी मला उतरवणार."

"किती वेळ?"

"लास्ट पंधरा मिनिट्स. मे बी."

"पडू नको," मी म्हटलं. मला दुसरं काय सुचणार!

त्याच आठवड्यात कॉलेजच्या कमिटीची पोरं घरी आली. या मॅचला त्यांना सैनिकांना मानवंदना द्यायची होती. अमेरिकेत म्हणे कॉलेजच्या फुटबॉलला असंच करतात, मैदानभर झेंडा पसरतात, सैनिकांना बोलावतात, लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. पोरांनी ते फोनवर पाहिलेलं. तिकडचा फुटबॉल वेगळा, हातात घेऊन पळतात, असं माझ्या मुलाने मला नंतर सांगितलं. पण देशभक्तीला चेंडूचा आकार लागत नाही.

नातीने त्यांना एवढंच सांगितलेलं की आजोबा आर्मीत होते. पोरांनी भिंतीवरची वर्दी पाहिली, हार पाहिला, आणि लगेच चपला काढून उभी राहिली. एका मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांनी रांगेने माझ्या पाया पडून घेतलं. मी त्यांना चहा दिला आणि चिवडा दिला. आजोबा कसे गेले, हे एकानेही विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. चिवडा मात्र सगळ्यांनी दोनदा घेतला.

चार दिवसांनी मुलाच्या फोनवर पोस्टर आलं. वर दोन्ही देशांचे झेंडे, मध्ये माझ्या नवऱ्याचा फोटो, मागे बर्फाचे डोंगर आणि एक विमान. खाली लिहिलेलं की शहीद जवानाच्या वीरपत्नीचा सन्मान होणार.

आता खरं ऐका. माझा नवरा लष्करात ड्रायव्हर होता. राशनची गाडी चालवायचा. वर डोंगरात बटाटे, कांदे, पीठ, रॉकेल पोचवायचा. त्याने नोकरीत बंदूक साफ केली, चालवली ती फक्त सरावाला. पेन्शन घेऊन सातारच्या बाजूला गावी आला आणि कँटीनमधून रम मिळते तेवढी वर्षानुवर्षं इमानाने संपवली. लिव्हर गेलं. घरी पलंगावर गेला, मी पायाशी बसले होते. शारजात दारूबंदी आहे. त्याला इथे आणला असता तर आठवड्यात परत पळाला असता.

मी मुलाला म्हटलं, "हे काय छापलंय? कॅन्सल करायला सांग."

मुलगा इंडस्ट्रियल एरियातल्या एका गोदामात नोकरी करतो, दिवसभर लोकांशी भांडून घरी येतो, त्याला घरी भांडायची ताकद नसते. तो म्हणाला, "आई, प्रिन्सिपलनी पाहुणे बोलावलेत. आता काय करणार?"

नात रडायच्या बेताला आली. "आजी, प्लीज! आता कॅन्सल केलं तर सगळे माझ्यावर चिडतील. कोच पण. यू जस्ट वेव्ह. टू मिनिट्स. दॅट्स ऑल."

कोच चिडली तर पंधरा मिनिटं गेली, हे तिने सांगितलं नाही, पण मला कळलं. म्हटलं, बरं. हात हलवायला काय लागतं.

मॅच दुबईतल्या अल कुसैस भागात, एका भाड्याच्या मैदानावर होती. शारजातून तिथे पोचायला तासभर गाडीत बसलो. सरळ रस्ता आहे म्हणून तासभर, नाहीतर किती लागला असता देव जाणे. मैदान ठरावीक वेळेसाठी मिळतं. वेळ संपली की पुढची पार्टी आत येते. ती आधीच जाळीबाहेर उभी होती, कुठल्यातरी कंपनीच्या कामगारांची टीम, बरीचशी आपलीच कोकणातली पोरं, पाय झटकत, दंड हलवत.

आत पाहते तर युद्ध सुरू झालेलं. कमिटीच्या पोरांनी हिरव्या-चॉकलेटी ठिपक्यांचे टी-शर्ट घातलेले, एकाच्या कॉलरला दुकानाचं लेबल लोंबत होतं. स्पीकरवर बिगुल वाजत होता. आधी इथलं राष्ट्रगीत झालं, ते पोरांनी खणखणीत म्हटलं, कारण इथल्या शाळांत रोज म्हणतात. मग आपलं लागलं. निम्म्यांचे ओठ नुसते हलत होते. मग झेंडा आला. तो इतका मोठा होता की उघडायला वीस पोरं लागली आणि परत घडी घालताना कोपरा खाली टेकू नये म्हणून त्यांची जी पळापळ झाली, ती त्या दिवसातली सर्वांत चांगली कवायत. मग रंगीत धूर सोडला. तो वाऱ्याने प्रिन्सिपलच्या तोंडावर गेला. ते खोकत खोकत देशावर बोलले.

या सगळ्यात मॅच उशिरा सुरू झाली. पहिला हाफ मी पाहिला. मुली छान पळत होत्या. माझी नात बाकावर बसून दुसऱ्या कुणाची तरी पाण्याची बाटली हातात फिरवत होती.

हाफ झाला आणि मला बोलावलं. मैदानाच्या कडेला बॅटरीवर चालणारी एक छोटी गाडी उभी होती, तिला प्लास्टिकचा झेंडू गुंडाळलेला. त्यातून मला पूर्ण मैदानाला चक्कर मारायची होती, दोन्ही बाजूंनी सलाम ठोकणारी पोरं. त्यानंतर शाल, श्रीफळ. त्यानंतर मौन. त्यानंतर मुलींचा नाच, त्यात शेवटी एक मुलगी गोळी लागून पडणार होती. त्यानंतर फोटोपुढे फुलांचं चक्र. फोटो स्टँडवर ठेवलेला, आमच्या भिंतीवरून आणलेला, हारासकट.

मी गाडीजवळ उभी होते तेवढ्यात कोच आली. केरळची बाई, उंच, गळ्यात शिटी. तिने माझ्याकडे वाकून हळूच हिंदीत सांगितलं, "माताजी, रेफरी बोल रहा है, जितना टाइम इधर जाएगा, उतना सेकंड हाफ से कटेगा. बाहर वाले लोग रुकेंगे नहीं."

"तो मेरी पोती?"

तिने खांदे उडवले. "मैं क्या करूँ? आज भी बैठेगी."

मी बाकाकडे पाहिलं. नातीने बूट आवळून बांधले होते, सोडले होते, परत बांधत होती. मला पाहून तिने हात हलवून दाखवला, असा हलव म्हणून.

मी गाडीत बसले नाही. चालत सरळ मध्ये गेले, गुडघा दुखत होता तरी. तिथे माइकवाला पोरगा उभा होता, गोरा, गोड, कागद हातात धरून. तो सुरू झालेला होता: दुश्मनाच्या गोळ्या छातीवर झेललेल्या, बर्फ, शेवटचा श्वास, तिरंगा. माझ्या नवऱ्याने एवढं सगळं केलं हे ऐकून मलाच भरून येणार होतं. मग त्याने वाकून विचारलं, "आजी, दो शब्द?"

"दे," म्हटलं.

माझी हिंदी लष्कराच्या क्वार्टरमध्ये शिकलेली आहे, तिला वळण नाही. मी म्हटलं, "मेरा आदमी बॉर्डर पे नहीं मरा. घर में मरा. खाट पे. पेन्शन खाके. वो गाड़ी चलाता था. आलू लेके जाता था ऊपर. किसी ने पूछा नहीं इसलिए मैंने बताया नहीं."

स्पीकर चांगला होता. सगळ्यांना ऐकू गेलं.

कोणी टाळी वाजवली नाही. माइकवाल्या पोराने कागद उलटून पाहिला, मागची बाजू कोरी होती. प्रिन्सिपल पाहुण्यांकडे बघून हसले, पाहुणे बुटांकडे बघत होते. तेवढ्यात जाळीबाहेरून कोकणातला एक जण खच्चून ओरडला, "आजी! बटाटे पोचले का?"

"पोचले!" मी माइकवर सांगितलं. "पण गोठून दगड झालेले. तसेच उकळले."

बाहेर हशा पिकला. आत थोडी मुलं हसली, मग जास्त हसली. ठिपक्यांच्या टी-शर्टातली रांग सलाम ठोकावा की नको या विचारात तशीच हात अर्धे वर करून उभी.

आता पुढचा कार्यक्रम करणार कसा? खाटेवर गेलेल्या माणसासाठी मैदानात मौन पाळत नाहीत. गोळी लागून पडणाऱ्या मुलीला आता कशाने पाडायचं? फुलांचं चक्र कुठे ठेवायचं, बटाट्यांवर? कमिटीची पोरं एकमेकांशी कुजबुजली. एकाने हात झटकून म्हटलं, "खलास यार, खलास." मला घाईघाईत शाल पांघरली, नारळ दिला, आणि रेफरीने शिटी मारली. गाडीला गुंडाळलेला झेंडू तसाच राहिला.

मी खुर्चीवर येऊन बसले. मुलगा म्हणाला, "आई, काय हे!" मी म्हटलं, "नारळ धर, जड आहे."

शेवटी शेवटी कोचने नातीला उठवलं. पंधरा मिनिटं होती का, मला ठाऊक नाही. ती पळाली. पहिल्यांदा चेंडू आला तो तिच्या पायाखालून गेला. दुसऱ्यांदा आला तेव्हा तिने असा मारला की तो जाळीवरून बाहेर, त्या कंपनीवाल्यांत. तिसऱ्यांदा एका धिप्पाड मुलीच्या अंगावर गेली, दोघी घसरत लांबवर गेल्या. मी सांगितलेलं पडू नको, तर तेवढंच केलं. टीम हरली. बाहेरची पोरं लगेच आत शिरली. त्यांना मानवंदनेशी काही घेणं नव्हतं.

परतताना ती गाडीत माझ्याशेजारी बसली. शारजाच्या जाममध्ये अडकलो तेव्हा म्हणाली, "आजी, पोटॅटोज? रिअली? एव्हरीवन हॅज अ व्हिडिओ."

"चिडले का सगळे?"

"कमिटी चिडली." मग म्हणाली, "कोच म्हणाली, गुड टॅकल."

"ते काय असतं?"

"पडले ना, ते."

घरी आलो. नारळाचं दुसऱ्या दिवशी सुरमईच्या कालवणात काय ते झालं. शाल प्लास्टिकसारखी होती, ती मुलाच्या गाडीच्या मागच्या काचेला उन्हासाठी लावली आहे. फोटो मी परत खिळ्यावर टांगला, हारासकट. दुसरा फोटो अजून नाही.

नातीने हॉलमध्येच मोजे काढून झटकले. काळे दाणे सगळीकडे उडाले, सोफ्याखाली, टीव्हीखाली, देवघरासमोर.

"आधी झाडू घे," मी म्हटलं, "मग काय ते फोन."

तिने झाडलं. लादीवर मूठभर काळा ढीग झाला. तो भरायच्या आधी तिने वाकून मोबाइलवर त्याचा फोटो काढला, एक वरून, एक बाजूने. मी सुपली धरून उभी होते. होऊ दिलं.