रुंद पायांचे जोडे

माझे पाय पंजात रुंद आहेत. हिंगणीत दहावीपर्यंत अनवाणी हिंडलो, त्याचा हा आहेर. नोकरीत नागपूरला बदली झाली तेव्हा साहेबांनी गोल्फ खेळायला बोलावलं आणि मी हुरळलो. त्यांच्याच सांगण्यावरून महागडे, निमुळते जोडे घेतले. करंगळ्या सोलून निघाल्या. पायच नीट टेकत नव्हता, तर काठी फिरवायचा स्विंग कुठून जमणार? चेंडू वाकडा जायचा आणि साहेब सगळ्यांदेखत विचारायचे, "लाकडं फोडताय का?" लोक हसायचे. मीही हसायचो, याची आज जास्त चीड येते.

शेवटी एका संध्याकाळी, पाय सुजलेले असताना, माप कमी पडू नये म्हणून जाड मोजे घालून दुकानात गेलो आणि रुंद पंजाचे जोडे निवडले. पाय घट्ट रोवला गेला, कंबर मोकळी वळू लागली, आणि एका रविवारी मी साहेबांना हरवलं. ते नुसतं "वा" म्हणाले. त्यानंतर मला बोलावणं आलं नाही.

गावी गेल्यावर आईला हे सांगितलं. तुरीच्या शेंगा सोलता सोलता ती म्हणाली, "काऊन बोलावन तो? त्यानं तुले खेळाले बोलावलं होतं, जिंकाले नाई."