अट्रॅक्टाची ब्रॉडगेज

अट्रॅक्टा फ्लॅनली मला कधीच आवडली नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या दोघांच्या घरांमध्ये फक्त एक कुंपण आहे आणि आमच्या क्लूनमोर गावात लोकांना वाटतं की मी तिच्या बाजूचा.

तिचा धंदा कवळ्या बनवण्याचा. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या तोंडात तिच्या हातचे दात आहेत, पण त्या तोंडांतून तिच्याबद्दल बरा शब्द निघाल्याचं मी ऐकलेलं नाही. माप द्यायला आलेल्या माणसाला ती सुनवायची, "वेळेवर दात घासले असतेस तर आज माझ्यासमोर आ वासून बसायची पाळी आली नसती." माणूस बिचारा तोंडात मेण धरून बसलेला. बोलणार काय?

आमचा एक छोट्या रेल्वेगाड्यांचा क्लब आहे. धान्याच्या जुन्या कोठाराच्या माडीवर जमायचं, चहा-बिस्किटं खायची, टेबलावर मांडलेल्या रुळांवर गाड्या फिरवायच्या. तेव्हा अध्यक्ष होता मॅलकी टूई. एकेकाळी रेल्वेत सिग्नलवर होता, आणि अट्रॅक्टाच्या धाकट्या बहिणीचा, कन्सेप्टाचा नवरा. एका हिवाळ्यात मॅलकीनं ठरवलं, आपल्या गावची बंद पडलेली लाईन हुबेहूब बनवायची. स्टेशन, गुरांचा फलाट, पाण्याची टाकी, सगळं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अट्रॅक्टानं खोक्यातून एक रूळ उचलला, मोजपट्टी लावली आणि तो टेबलावर आपटला.

"हे काय आहे?"

"रूळ. दुकानातून आणलेत," मॅलकी म्हणाला.

"आपली लाईन ब्रॉडगेज होती. देशातल्या इतर लाईनींसारखी, दोन रुळांत सव्वापाच फूट. आपल्या छोट्या गाड्यांच्या मापात त्याचे एकवीस मिलिमीटर होतात. हे साडेसोळा आहेत."

"साडेचार मिलिमीटरसाठी कुणी मरत नाही, मेहुणीबाई."

"खऱ्या मापात फूटभर होतं ते! फूटभर अरुंद लाईन करणार आणि वर आपल्या गावाचं नाव लावणार? इंग्रजांची गाडीसुद्धा याहून रुंद असते."

"मग एकवीसचे रूळ कुठल्या दुकानात मिळतात, तेही सांगून टाक."

"मिळत नाहीत. हातानं करावे लागतात. तुझ्या हातांना सवय नाही, ते मला माहीत आहे."

खोलीत सगळे चहाच्या कपात बघू लागले. भांडण मिलिमीटरचं नव्हतं, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. अट्रॅक्टाचे वडील त्या लाईनवर गँगचे मुकादम होते. आयुष्यभर त्यांनी रुळांमधलं अंतर तपासलं. लाईन बंद झाली तेव्हा ती उखडायचं कामही त्यांच्याच गँगला मिळालं. स्वतः बसवलेले रूळ त्यांनी स्वतः काढले. आणि तरुण मॅलकीनं नोकरी गेल्यावर एक ट्रक भाड्यानं घेतला आणि रुळांखालचे लाकडी स्लीपर शेतकऱ्यांना फाटकांचे खांब म्हणून विकले. म्हातारा मरेपर्यंत गावात जिथे जाईल तिथे त्याला स्वतःचे स्लीपर चिखलात उभे दिसायचे. कन्सेप्टानं त्याच मॅलकीशी लग्न केलं. अट्रॅक्टा लग्नाला आली ती काळे कपडे घालून.

क्लबनं दुकानातलेच रूळ बसवले. अट्रॅक्टानं आपल्या गॅरेजमध्ये तीच लाईन एकवीस मिलिमीटरनं करायला घेतली. तांब्याचा पत्रा चढवलेल्या बारीक पट्ट्या, त्यांवर एकेक रूळ डाख देऊन जोडलेला. इंजिनांची चाकंसुद्धा काढून तिनं रुंद आसांवर बसवली. कुंपणापलीकडे तिच्या शिव्या ऐकू यायच्या. सांधे बदलायची जागा जमली नाही की ती आख्खा तुकडा उपटून कचऱ्यात टाकायची. काही वर्षं गेली त्यात.

मग अॅथलोन शहरात छोट्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं. एका टोकाला आमची लाईन, दुसऱ्या टोकाला तिची. आमची गाडी मस्त पळत होती. तिची गाडी स्टेशनातून निघाली आणि पहिल्याच वळणावर पडली. तिनं उचलून ठेवली, पुन्हा पडली. गॅरेजच्या ओलीतल्या फळ्या त्या, हॉलच्या हीटरनं वाळून पिळवटल्या होत्या. बघे हसू लागले. हरवलेल्या पोरांची नावं पुकारायला मॅलकीच्या हातात माईक होता.

"क्लूनमोरच्या प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावं," तो म्हणाला. "गाडी नेहमीप्रमाणे रुळावरून उतरली आहे. बाहेर बस उभी आहे. उशिराबद्दल जाब मुकादमांच्या घरी विचारावा."

आम्ही हसलो. अट्रॅक्टा हसली नाही. ती शांतपणे हॉल ओलांडून आली, मॅलकीचं लाडकं काळं इंजिन आमच्या रुळांवरून उचललं आणि परत जाऊन आपल्या रुळांवर ठेवलं. अरुंद चाकांचं ते इंजिन दोन रुळांच्या मधे थपकन पडलं. पुढची पायरी मोडली.

"बघून घ्या!" ती ओरडली. "माझी गाडी पडते तरी. याची तर आपल्या देशाच्या रुळांवर उभीसुद्धा राहत नाही!"

पुढच्याच बैठकीत अट्रॅक्टाचं नाव क्लबातून काढलं. कन्सेप्टानं तिला रविवारच्या जेवणाला बोलावणं बंद केलं. अट्रॅक्टा म्हणाली, बरं झालं, तिचा मटणाचा रस्सा पाणीच असायचा.

तिनं फळ्या फेकल्या, गॅरेजला आतून अस्तर लावलं आणि सगळं पहिल्यापासून केलं. या वेळी गाडी पडेना. पण अडचण निराळीच निघाली. ही लाईन खऱ्यासारखीच चालणार, म्हणजे दोन टोकांना दोन सिग्नल केबिन आणि प्रत्येकीत एक घंटा. एका केबिननं घंटा वाजवून विचारायचं, दुसरीनं होकार द्यायचा, तेव्हाच गाडी सोडायची. एकट्या माणसाचं काम नव्हे. तिनं तीन-चार जणांना बोलावून पाहिलं. कुणीही दुसऱ्यांदा आलं नाही. मी अर्ध्या तासात बाहेर पडलो. "घंटा वाजवतोयस की दार ठोठावतोयस?" असं ती मला म्हणाली होती.

इकडे क्लबात नवी मंडळी आली. त्यांना मोबाईलवरून चालणाऱ्या गाड्या हव्या होत्या, जर्मनीच्या, स्वित्झर्लंडच्या, मिळतील तिथल्या. त्यांनी आमची लाईन मोडून फळ्या कोठाराच्या पाठीमागे रचल्या आणि मॅलकीला निवडणुकीत पाडलं. तो महिनाभर घराबाहेर पडला नाही. मग एके दिवशी दुपारी मला अट्रॅक्टाच्या गॅरेजच्या दारात दिसला.

"काय हवंय?" आतून आवाज आला.

"अजून पडते का, ते बघायला आलो."

"आत ये. पाय पूस. कशालाही हात लावू नकोस."

तो आत गेला आणि दुसऱ्या केबिनपाशी बसला. मी कुंपणाशी उभा राहून कान दिला. बोलणं एक नाही, नुसती घंटा. एकीकडून टण, दुसरीकडून टण. मधेच गाडीची घरघर. त्यानंतर तो दर गुरुवारी येऊ लागला. दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलत नसत. एकदा ती त्याच्या केबिनमागे येऊन उभी राहिली, तर त्यानं लागोपाठ सहा टोले दिले. सिग्नलवाल्यांच्या भाषेत त्याचा अर्थ, पुढे धोका आहे, सगळं थांबवा.

पुढच्या प्रदर्शनाला फळ्या उचलायला कुणीतरी हवं म्हणून तिनं मला व्हॅनमध्ये घेतलं. ती चालवत होती, मॅलकी मधे, मी दाराशी. पाऊस लागला होता. रस्त्याकडेच्या एका शेताचं फाटक मागे गेलं आणि ती म्हणाली, "तुझा माल अजून उभा आहे बघ."

मॅलकीनं मान वळवून फाटकाकडे पाहिलं. मग म्हणाला, "ते स्लीपर मी तुझ्या वडिलांना विचारून विकले होते."

"काय?"

"त्यांच्याकडे गेलो होतो. ते म्हणाले, घेऊन जा पोरा, इथे पडून कुजण्यापेक्षा कुणाच्या तरी कामी येऊ देत. पहिला ट्रक त्यांनीच भरून दिला."

अट्रॅक्टानं करकचून ब्रेक दाबला. मागे फळ्या खडखडल्या.

"उतर."

"अगं, पाऊस..."

"माझ्या मेलेल्या बापाच्या तोंडी शब्द घालतोस? उतर म्हणते ना!"

त्याला उतरता यावं म्हणून मी आधी उतरलो. मॅलकी कोटाची कॉलर वर करून रस्त्याकडेला उभा राहिला. "अगं, त्याच्याशिवाय चालवणार कशी?" मी विचारलं. ती म्हणाली, "तू बसतोस की तूही चालत येतोस?" मी बसलो.

हॉलमध्ये आम्ही सगळं जोडलं. बघे जमले. अट्रॅक्टा आपल्या केबिनपाशी बसून राहिली. गाडी स्टेशनात तयार उभी. समोरची खुर्ची रिकामी. कुणीतरी विचारलं, "बंद आहे का हो?" ती वसकन अंगावर गेली, "डोळे नाहीत का तुला?"

मग मॅलकी आला. कुणाच्या तरी ट्रॅक्टरवरून, गुडघ्यापर्यंत चिखल, टोपीतून पाणी गळतंय. तिच्याकडे न बघता खुर्चीत बसला आणि घंटा वाजवली. अट्रॅक्टानं त्याच्या चिखलाच्या बुटांकडे पाहिलं. मग तिनं घंटेनंच उत्तर दिलं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत गाड्या धावल्या. एकही पडली नाही. आमच्या क्लबातली नवी मंडळीसुद्धा मोबाईल खिशात घालून बघत उभी होती. परतताना तिनं मॅलकीला व्हॅनमध्ये घेतलं, पण खाली वर्तमानपत्र अंथरून. सीट खराब होईल म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती कन्सेप्टाच्या दारात उभी राहिली. हे मला कन्सेप्टानंच सांगितलं.

"बाबांनी स्लीपर स्वतः दिले होते?"

"हो. ट्रक भरताना मी होते तिथे."

"मग इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही मला?"

"तू कुणाला बोलू दिलंस, अट्रॅक्टा?"

ती आत गेली नाही, की बसली नाही. वळून निघून आली. त्या दिवसापासून स्लीपरचा विषय तिनं कधी काढला नाही, आणि मॅलकीची माफीही मागितली नाही. मॅलकीनंही ती मागितली नाही, मेलेल्या मुकादमाबद्दल माईकवर जे बोलला त्याबद्दल. गुरुवारी तो अजूनही येतो. परवा प्रथमच मला कुंपणापलीकडून बोलणं ऐकू आलं. दोघं मोठमोठ्यानं भांडत होते. गुरांचा फलाट स्टेशनच्या डाव्या हाताला होता की उजव्या, यावरून. मी खिडकी लावून घेतली.