पनागरच्या दुकानातलं पहिलं माप

आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून गैरसमज नको. मी फॅक्टरीतला माणूस. सारी नोकरी प्रेस शॉपमध्ये गेली. मशीन अडली की आधी करंट पाहायचा, मग तेल, मग बेल्ट… भुताचा नंबर आमच्याकडे कधी लागलाच नाही. या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी दुपारी जेवण झाल्यावर डोळा लागेपर्यंत वाचायचो आणि हसायचो. बायको रागवायची. "हसून काहून राहिले? एखाद्याला दिसलं असेल खरंच." मी म्हणायचो, दिसलं असेल तर त्यानं चष्म्याचा नंबर तपासावा.

आज मीच लिहायला बसलोय. आणि गंमत अशी की मला स्वतःला काहीच दिसलं नाही. ऐकूही आलं नाही. तरी लिहितोय.

आम्ही जबलपूरचे, रांझीत राहतो. वडील वर्ध्याकडून इथे फॅक्टरीत लागले, मग मीही लागलो. माझी बायको शालिनी — मी शालू म्हणायचो — ती आर्वीची. तिचे वडील तिथल्या धान्यबाजारात मापारी होते. मापारी म्हणजे शेतकऱ्याचं धान्य व्यापाऱ्यासमोर पायलीनं मोजून देणारा माणूस. मोजायचं ते मोठ्यानं, सुरात, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आणि पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही. 'लाभ' म्हणायचं. लाभ, मग दोन, मग तीन. तसं पुष्कळ ठिकाणी म्हणतात, पण सासऱ्यांची एक लकब होती. पहिल्या मापाचा शेवटचा दाणा खाली पडेपर्यंत ते तो शब्द सोडायचे नाहीत. लाऽऽऽभ… आणि शेवटी किंचित वर उचलायचे, दुरून कुणाला हाक मारावी तसं.

शालूनं ती लकब तशीच्या तशी उचलली होती. रोज सकाळी डब्यातून वाटीनं तांदूळ काढताना पहिल्या वाटीला तिचं लाऽऽऽभ चालायचं. मी चिडवायचो, कुकर तीन माणसांचा आणि बाजार भरवते आख्ख्या आर्वीचा. ती म्हणायची, "एक म्हटलं की धान्य एकटं पडते. काही समजत नाही तुम्हाला."

मुलीचं लग्न झालं, रेवा पुण्याला गेली, तेव्हा शालूनं एमएला नाव घातलं. इतिहास, त्यात आर्थिक इतिहास खास विषय. लघुशोधासाठी तिनं विषयही ठरवून टाकला होता — नागपूर ते जबलपूर रस्त्यावरचा धान्यव्यापार आणि त्यातली मापं. म्हणायची, राजे-रजवाडे पुष्कळ झाले, माझ्या बापानं काय केलं ते कोण लिहिणार? पहिलं वर्ष चांगल्या मार्कांनी झालं. दुसऱ्या वर्षी आजार निघाला आणि दिवाळीच्या आत ती गेली.

त्यानंतर मी रिटायर झालो. घरात मी आणि तिची पुस्तकं. रद्दीवाल्याला द्यायला हात होईना, मग वाचायला घेतली. वाचता वाचता वाटलं, नावच घालावं. रेवा फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्ही काहून एमए करून राहिले? आराम करा ना, टीव्ही देखा." तिचं मराठी असंच आहे, अर्धं इथलं अर्धं तिथलं. मी म्हटलं, तुझ्या आईचा विषय अर्धा राहिलाय.

खरं कारण तिलाही सांगितलं नव्हतं, इथे सांगतो. मला शालूचा आवाज आठवेनासा झाला होता.

चेहरा आठवायचा. हात, चालणं, पदर खोचायची तऱ्हा, सगळं. पण आवाज म्हटला की कोरं. ती काय बोलायची ते शब्द आठवत, पण ते माझ्याच आवाजात. मोबाईलमध्ये शोधलं. फोटो आणि व्हिडिओ काढणारी तीच, त्यामुळे ती कुठेच नाही. रेवाच्या लग्नाच्या व्हिडिओत ती कुणाशी तरी बोलताना दिसते, पण मागे बँड वाजतोय. तेवढा तुकडा मी किती वेळा लावला असेन. ओठ हलतात, ऐकू येतो बँड. तिची पुस्तकं वाचली, तिचा विषय धरला, तर कदाचित आवाज परत येईल असं आपलं वाटलं मला. वेड म्हणा.

कॉलेजात पोरं मला अंकल म्हणायची. पण अभ्यास खरंच आवडला. आमच्या मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या की जुन्या कागदात 'इतकी मापं गहू' असा आकडा दिसला की लगेच नाचू नका. ते माप काठोकाठ सपाट केलेलं होतं, की वर शीग लावून भरलेलं? घेणारा शीग मागायचा, देणारा सपाट करायचा, आणि त्या काठावरच्या ढिगातच सगळा व्यापार असायचा. कागदावर तो ढीग कधी उतरत नाही. मी मनात म्हटलं, हे तर शालू तांदूळ घेताना सांगायची.

तर मला खरं माप बघायचं होतं. मॅडमच्या ओळखीनं जबलपूरजवळच्या पनागरला एक जुनं गल्ल्याचं, म्हणजे धान्याचं, दुकान मिळालं. मालक साहूजी, माझ्याच वयाचे, स्वभावानं गोड. दुकानात आता इलेक्ट्रॉनिक काटा, पण आजोबांचं लाकडी माप त्यांनी माळ्यावर जपून ठेवलेलं. फोनवर म्हणाले, आ जाओ भैया, नाप के दिखा देंगे.

एप्रिल महिना होता, नवा गहू आलेला. दुपारी मी रांझीहून आधारताल करत स्कूटरनं गेलो, एकटा. दुकान लांबट, बोळासारखं. रस्त्याच्या बाजूला एकच दार. साहूजींनी आत ताडपत्री पसरली, शेजारी गव्हाचं पोतं उघडलं. ते दाराकडे तोंड करून बसले, मी त्यांच्यासमोर, दाराकडे पाठ करून. विषयाबद्दल मी त्यांना एवढंच सांगितलं होतं की जुनी मापं बघायचीत. शालूबद्दल एक अक्षर नाही. लाभबिभ काही नाही. त्यांच्याकडे पहिल्या मापाला 'राम' म्हणतात हे त्यांनीच मला सांगितलं.

आता एक सांगायचं राहिलं. माझे कान. प्रेस शॉपनं उजवा जवळजवळ नेला, डावा अर्धामुर्धा ठेवला. शालू म्हणायची, फॅक्टरीनं तुमचे कान ठेवून घेतले आणि बदल्यात पेन्शन दिली. म्हणून मी कानाचं मशीन लावतो. पण धान्य ओतायला लागलं की त्या मशीनमधून दगडांचा ट्रक रिकामा केल्यासारखा आवाज येतो. साहूजींनी आधी माप भरेल का बघायला थोडा गहू ओतला, तेवढ्यानंच माझं डोकं दणाणलं. मी मशीन काढलं आणि शर्टाच्या खिशात टाकलं. बघायचंच तर आहे, ऐकायचं काय त्यात…

साहूजींनी माप पोत्यात खुपसलं, शीग लावून भरलं, ताडपत्रीवर ओतायला लागले. ओठ उघडले होते त्यांचे. आणि ते तसेच थांबले. माझ्या खांद्यावरून दाराकडे बघितलं, हसले, मान झुकवली, ओळखीच्या घरची बाई आली की माणूस झुकवतो तशी. मग माझ्याकडे बघून काहीतरी बोलले.

मी मशीन कानात घातलं. विचारलं, क्या बोले?

"हम कै रए दीदी को अंदर बुला लो. धूप में काहे खड़ी हैं?"

मी वळून बघितलं. दार, त्यापलीकडे ऊन, उन्हात माझी स्कूटर. मी म्हटलं, कौन दीदी, मैं तो अकेला आया हूँ. साहूजी म्हणाले, अरे आपके साथवाली, अभी तो बोलीं. मी विचारलं काय बोलली.

"हम राम बोलने वाले थे, उनने हमसे पहिलेई बोल दिया." आणि त्यांनी ओंजळीत थोडा गहू घेतला, वरून सोडला, आणि करून दाखवलं. लाऽऽऽभ… शेवटचा दाणा पडेपर्यंत. शेवटी किंचित वर.

त्या क्षणी काय झालं ते मला नीट लिहिता येणार नाही. साहूजींचा आवाज घोगरा, तंबाखूचा. पण त्या सुरामागून मला शालूचा आवाज आला… म्हणजे आठवला. नुसता तो एक शब्द नाही. अहो, गॅस बंद करा. रेवा, खिडकी लाव गं, धूळ येते. हसून काहून राहिले. सगळं तिच्या आवाजात, तिच्या. दीड-दोन वर्षं कोरं होतं तिथे एकदम सगळं घर बोलायला लागलं.

मी उठून बाहेर पळालो. रस्ता दुपारचा, ओस. समोरच्या पानवाल्याला विचारलं, तो म्हणाला तुम्ही आलात तेव्हापासून दारात कोणी आलं नाही, बाई तर नाहीच. परत आलो आणि साहूजींना म्हटलं, फिर से बोलिए. त्यांनी केलं. मी म्हटलं, फिर से. मग ते घाबरले, भैया तबीयत तो ठीक है, म्हणाले. मी सांगितलं त्यांना, माझी बायको असं म्हणायची. ती आता नाही. साहूजी उठले. मला पाणी दिलं. मग अगदी हळू, जणू मला दुखू नये म्हणून, विचारलं, "हमने सुन लिया भैया, तो आपने काहे नईं सुना?"

मी खिशाला हात लावला. ती आली होती, माझ्या पाठीशी चार हातांवर उभी राहून बोलली होती, आणि मशीन माझ्या खिशात. फॅक्टरीनं कान नेले याचं मला आयुष्यात कधी वाईट वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं. अजून वाटतं.

आता तुम्ही म्हणाल तेच रेवानंही म्हटलं. बाबा, तुम्हीच बोलले असाल, तुम्हाला आपला आवाज ऐकू येत नाही ना. असेल. पण माझा आवाज बाईसारखा नाही, आणि साहूजी माझ्याकडे नाही, दाराकडे बघत होते. चेहरा दिसला का, हे मी त्यांना नंतर पुष्कळदा विचारलं. ते म्हणतात, मागे ऊन होतं, साडी होती एवढं कळलं. पण आवाज साफ होता. लाभ हा शब्द हिंदीतही आहे, दुकानाच्या भिंतीवर शुभ-लाभ लिहिलेलंच असतं, हेही मला समजतं. पण तो सूर? तो भिंतीवर कुणी लिहीत नाही. करंट, तेल, बेल्ट सगळं तपासून झालं माझं. कुठे काही सापडत नाही.

लघुशोधात मी एक परिच्छेद लिहिला, विदर्भातले मापारी पहिलं माप कसं म्हणायचे त्यावर. मॅडम म्हणाल्या, आधार द्या. माहिती कुणी दिली, कुठे दिली. मी लिहिलं — शालिनी, पनागर. मॅडमना ती माहीत होती, त्यांचीच विद्यार्थिनी होती. ती कधी गेली तेही माहीत होतं. त्यांनी वाचलं, चष्मा काढून पुसला, आणि पुढचं पान उलटलं. एमए झालं माझं. सेकंड डिव्हिजन. तिची फर्स्ट आली असती.

आणि आता खरं दुःख सांगतो. तो आवाज पुन्हा जायला लागला. त्या उन्हाळ्यात लख्ख होता, नंतर हळूहळू पुसट होत गेला, शब्द परत माझ्याच आवाजात ऐकू यायला लागले. तेव्हा मी परत पनागरला गेलो. साहूजींना म्हटलं, गहू हवाय. ते काट्याकडे वळले. मी म्हटलं, तौलिए मत साहूजी, नाप दीजिए. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि माळ्यावरून माप काढलं.

तेव्हापासून हे चालूच आहे. एकट्या माणसाला किती गहू लागतो? शेजाऱ्यांना वाटून झाला, कामवालीला देऊन झाला. रेवा आली की कोठीतला गहू बघते आणि झाकण लावून टाकते. साहूजींनाही आता सवय झाली आहे. ते दाराकडे तोंड करून बसतात, मी पाठ करून, मशीन कानात घट्ट. ते माप शिगोशीग भरतात, उचलतात, आणि तसंच वर धरून ठेवतात. लगेच ओतत नाहीत. माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत राहतात. तिला आधी म्हणायचं असेल तर तिला वेळ द्यावा म्हणून. मी वळत नाही. आम्ही दोन म्हातारे तसे बसून असतो. रस्त्यावरून एखादा ट्रॅक्टर जातो. दारातून कोणी काही म्हणत नाही.

मग साहूजी हळूच विचारतात, "हम बोल दें, भैया?" मी मान हलवतो. ते गहू सोडतात आणि शेवटचा दाणा पडेपर्यंत तो शब्द धरून ठेवतात. मी पिशवी स्कूटरला लावून घरी येतो, आणि मग चार दिवस माझ्या घरात शालू बोलत असते.