अहिवळे तात्यांची बॅटरी

बॉयलरच्या ड्रममध्ये शिरताना आधी उजवा हात आत घालायचा, मग डोके, मग खांदे तिरके करून बाकीचे अंग. मॅनहोल लंबगोल असते. जाड माणसाचे तिथे काम नाही. कचरू अहिवळे यांचे वय सत्तावन्न आणि वजन एकावन्न किलो. एकतीस वर्षे ते असेच आत जात आले आहेत.

इंदापूर तालुक्याच्या हद्दीवरच्या एका साखर कारखान्यात ते फिटर आहेत. गाळप बंद असते त्या महिन्यांत मात्र त्यांच्या वाट्याला येते ते बघण्याचे काम. बॉयलरच्या माथ्यावर लोखंडाचा एक आडवा ड्रम असतो. आत माणूस वाकून चालू शकतो. त्याच्या तळातून शेकडो नळ्या खाली उतरतात. प्रत्येक नळीचे तोंड साफ आहे का, पत्र्याला कुठे गंजाचा खड्डा पडला आहे का, हे अहिवळे बघतात आणि खडूने खूण करतात. खूण नसेल तिथे वेल्डर हात लावत नाही.

या कामाला त्यांच्याकडे एक बॅटरी आहे. टॉर्चला इकडे बॅटरीच म्हणतात. ही बोटाएवढी, स्टीलची, एका सेलवर चालणारी. त्यांची मुलगी रश्मी बारामतीत एका दवाखान्यात नर्स आहे आणि जळोचीला राहते. पेशंटच्या डोळ्यांत बघायला तिने ती घेतली होती. उजेड फार पडतो, माणसे डोळे मिटून घेतात, म्हणून तिने ती वडिलांना दिली. त्याला सात वर्षे झाली. ड्रममध्ये कारखान्याचा वायरचा दिवाही असतो. तो चालण्यापुरता. बघायला बॅटरी.

बघण्याची त्यांची रीत ठरलेली आहे. समोरून उजेड टाकला की पत्रा नुसता चकाकतो. बॅटरी पत्र्याला जवळजवळ टेकवून उजेड आडवा सोडला, की सुईच्या टोकाएवढ्या खड्ड्याचीही सावली पडते. हे कुठे शिकलात, असे विचारले तर ते म्हणतात, “सारवलेल्या अंगणात दुपारी खडा दिसत न्हाय. दिवस कलला की दिसतो. त्यात शिकायचं काय हाय?”

घरीही ही सवय सुटत नाही. भवानीनगरला एका भाच्याने घर बांधले. जेवणाआधी अहिवळ्यांनी हॉलच्या भिंतीला बॅटरी टेकवली आणि गिलावा कुठे कुठे फुगला आहे ते भाच्याला दाखवले. भाचा गवंड्याशी दोन महिने भांडत होता. तेव्हापासून त्यांच्या पत्नी ताईबाई नातेवाइकांना सांगून ठेवतात, “ह्यांला जेवाय जरूर बोलवा. पर बॅटरी घरी ठिवून या म्हणावं.”

ड्रमच्या मॅनहोलपाशी एक फळा टांगलेला असतो. तो अहिवळ्यांनीच बसवून घेतला. आत जाणारी प्रत्येक वस्तू त्यावर लिहायची: पाने दोन, दिवा एक, ब्रश एक, खडू दोन, बॅटरी एक. बाहेर आली की तिच्यावर रेघ मारायची. सगळ्या ओळींवर रेघा पडल्याशिवाय मॅनहोल बंद करायचे नाही. कारण साधे आहे. एखादी वस्तू आत राहिली आणि नळीच्या तोंडात अडकली, तर त्या नळीतले पाणी थांबते. खाली जाळ असतो. पाणी नसलेली नळी तापते आणि फुटते. त्या वेळी जवळ कोण उभे आहे, हे नळी बघत नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. बॉयलर पेटवायचा मुहूर्त दसऱ्याच्या दिवशी अकराचा ठरला होता. अष्टमीच्या संध्याकाळी अहिवळ्यांनी ड्रमची शेवटची फेरी केली, बाहेर आले, फळ्यावरच्या ओळी खोडल्या. बॉयलरच्या इंजिनिअर योगिनी जगताप यांनी फळ्याचा फोटो मोबाइलवर काढला आणि मॅनहोल बंद झाले. रात्रपाळीने ड्रममध्ये निम्म्यापर्यंत पाणी भरले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. या दिवशी फिटर शॉपमध्ये हत्यारे पूजतात. पाने, हातोडे, चेनपुल्या पुसून, तेल लावून लाल कापडावर मांडतात. हळदकुंकू, दुधाचा शिंतोडा, वर झेंडूची रास. पूजलेले हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचे नाही, हा शॉपचा नियम. ही मांडणी दरवर्षी मानसिंग देवकाते करतात. तेही फिटर आहेत, अहिवळ्यांपेक्षा बारा वर्षांनी लहान. त्यांचे आजोबा मेंढरे घेऊन कोकणात उतरत. आता घरी ऊस आहे आणि हौसेपुरती सहा मेंढरे.

अहिवळ्यांच्या घरातून असली पूजा आजोबांच्या काळातच गेली. छप्पन साली कुटुंबाने धम्म स्वीकारला. दसरा त्यांच्याकडे असतो तो विहारात जाण्याचा. शॉपमधल्या पूजेला अहिवळे उभे राहतात, हात जोडत नाहीत, पेढा खातात. यावर कधी कोणी काही बोललेले नाही. त्यांची बॅटरीही त्या मांडणीत कधी नसते. ती नाडीने त्यांच्या गळ्यात असते.

त्या वर्षी नाडी नव्हती. ग्रीसने काळी झाली म्हणून ताईबाईंनी ती अष्टमीला सकाळी काढून साबणात टाकली होती. दिवसभर बॅटरी खिशात होती.

नवमीला दुपारी दोनच्या सुमारास एका पंपाचे कपलिंग बघायला अहिवळ्यांनी खिशात हात घातला. बॅटरी नव्हती. दुसरा खिसा बघितला. कपाट, हेल्मेट, डबा, सायकलची पिशवी. घरी फोन केला. ताईबाईंनी काल घातलेला शर्ट झटकून बघितला आणि नाडी तेवढी वाळली आहे असे सांगितले. फिटर शॉपमध्ये बाकांखाली, भंगाराच्या डब्यात, हात धुण्याच्या नळाजवळ शोधाशोध झाली. झेंडूच्या राशीला कोणी हात लावला नाही. लावायचा नव्हता, आणि अहिवळ्यांची बॅटरी तिथे असण्याचे कारणही नव्हते.

मग ते फळ्यापाशी जाऊन उभे राहिले. ‘बॅटरी एक’ या ओळीवर रेघ होती. ती आपण कधी मारली, हे ते आठवू लागले. पाना बाहेर आला तेव्हा पाना हातात होता, दिवा आला तेव्हा दिवा हातात होता. बॅटरीची रेघ त्यांनी नेहमीच सगळ्यांत आधी मारली होती, कारण ती गळ्यात असायचीच. काल गळ्यात नव्हती. रेघ मात्र पहिलीच पडली होती.

शंका कोणालाच आलेली नव्हती. फळा पूर्ण होता, फोटो होता. बाहेर मांडव उभा राहत होता, कारखान्याचे संचालक सकाळी येणार होते. नवी बॅटरी बारामतीच्या कोणत्याही दुकानात मिळते. अहिवळे गप्प राहिले असते, तर बॉयलर वेळेवर पेटला असता आणि बहुधा काहीही झाले नसते. दुसरीकडे, बोलले की एकतीस वर्षे ज्या गोष्टीसाठी लोक त्यांना ओळखत होते, तीच जाणार होती. न बघता अहिवळे तात्या काही पास करत नाहीत, असे लोक म्हणत.

ते जगताप मॅडमच्या केबिनमध्ये गेले. एकोणतीस वर्षांच्या जगताप बारामतीच्या. कारखान्यात येऊन त्यांना तीन वर्षे झाली होती.

“मॅडम, ड्रम उघडाय लागंल.”

“का? काय झालं?”

“माझी बॅटरी गावना. आत ऱ्हायली असंल.”

जगतापांनी मोबाइलवरचा फोटो काढून पुढे धरला. बॅटरीवर रेघ होती.

“ती रेघ मीच मारली,” अहिवळे म्हणाले. “बघून न्हाय मारली. सवयीनं मारली.”

 जगतापांनी चीफ इंजिनिअरना फोन लावला.  उद्या अकरापर्यंत होईल का, एवढेच पलीकडून विचारले गेले. ड्रमचे पाणी उतरवायला दीड तास, उघडून बघायला एक तास, नवे गॅस्केट बसवून बंद करायला तासभर, परत पाणी रात्रपाळी भरेल, असा हिशोब जगतापांनी सांगितला. होकार मिळाला. पाणी सोडायचा व्हॉल्व्ह साडेतीनला उघडला.

आता दुसरी अडचण पुढे आली. मॅनहोलचे नट ज्या पान्याने उघडतात, तो पाना झेंडूखाली होता. सगळेच पाने झेंडूखाली होते. उचलायचे तर पूजा ज्याने मांडली त्याला विचारायला हवे, असे शॉपमधल्या लोकांचे म्हणणे पडले. जगतापांना ते वेळ घालवण्यासारखे वाटले, तरी त्यांनी अडवले नाही. अहिवळ्यांनाही विचारणेच बरे वाटले. आपली पूजा नाही म्हणूनच, असे ते नंतर म्हणाले.

मानसिंग देवकाते दुपारीच रजा टाकून घरी गेले होते. फोन त्यांच्या पत्नी सारजा यांनी उचलला. मालक मेंढरांकडे गेलेत, फोन घरीच ठेवून गेलेत, आल्यावर सांगते, असे त्या म्हणाल्या. चाळीस मिनिटांनी देवकात्यांचा फोन आला. अहिवळ्यांनी तो स्पीकरवर टाकला, म्हणजे विचारले नाही असे कोणी म्हणायला नको.

“मानसिंगराव, ड्रम उघडायचाय. पानं उचलावं लागत्यात.”

“उचला की. कामासाठीच हायत ती. मी आल्यावर परत हळद लावतो.” मग म्हणाले, “पर तात्या, तुमची बॅटरी तेवढी पुसून घ्या. दूध शिंपडलंय तिच्यावर. आत गेलं असंल तर सेल खराब हुईल.”



“माझी बॅटरी तितं हाय?”

“व्हय. काल हात धुताना नळाच्या कट्ट्यावर ठिवली हुती तुमी. मी घेतली. दर साली सगळ्यांचं हत्यार असतं, तुमचंच नसतं. सगळ्यांत जास्त काम तीच करती. म्हणलं, एक साल तिलाबी बसवावं. सांगणारच हुतो, पर तुमी पेढा खाऊन निघून गेला.”

झेंडू बाजूला केला. मोठ्या पान्याच्या खोबणीत बॅटरी आडवी ठेवलेली होती. काचेवर हळदीचे बोट आणि कुंकवाचे बोट. सकाळी अहिवळे पेढा घेऊन उभे होते तिथून ती हाताच्या अंतरावर होती.

लोक हसले. एक जण पाणी सोडायचा व्हॉल्व्ह बंद करायला निघाला. जगतापही म्हणाल्या, बरे झाले, सुटलो. अहिवळ्यांनी बॅटरी शर्टाला पुसली, चालू करून बघितली. चालत होती.

“व्हॉल्व्ह बंद करू नका,” ते म्हणाले. “ड्रम उघडायचाच हाय.”

“तात्या, बॅटरी सापडली ना?”

“बॅटरी सापडली, मॅडम. पर एक रेघ सवयीनं पडली, तर दुसऱ्या कशा पडल्या ते मला आज सांगता यायचं न्हाय. ब्रश मी बघून खोडला का? खडू दोन नेलं हुतं, दोन आणलं का? आत्ता इचारलं तर मी व्हय म्हणीन. ते बी सवयीनंच.”

जगतापांनी घड्याळ बघितले. मग व्हॉल्व्हकडे निघालेल्या माणसाला त्यांनी हाक मारून थांबवले.

पाच वाजता मॅनहोल उघडले. नट काढताना पान्यावरचे कुंकू हातांना लागत होते. फळा पुसून वस्तू नव्याने लिहिल्या आणि अहिवळे आत गेले: हात, डोके, तिरके खांदे. बाहेर जगताप स्वतः मॅनहोलला डोके लावून बसल्या होत्या. पत्र्याला टेकवलेल्या बॅटरीचा उजेड त्यांना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू सरकताना दिसत होता. प्रत्येक नळीच्या तोंडाशी तो थांबे. पन्नास मिनिटांनी अहिवळे बाहेर आले.

“काय मिळालं?”

“काय न्हाय.”

“खडू?”

“दोन्ही भायेरच हायत.”

जगतापांनी फळ्यापाशी जाऊन खडू उचलला. बाहेर आलेली वस्तू एकेक हातात घ्यायला त्यांनी अहिवळ्यांना सांगितले आणि रेघा स्वतः मारल्या. बॅटरीची रेघ शेवटी.

सातला ड्रम बंद झाला. कामाच्या रजिस्टरमध्ये जगतापांनी लिहिले की खात्रीसाठी ड्रम पुन्हा उघडला, आत काही आढळले नाही. कारणाच्या रकान्यात काय लिहायचे, असे त्यांनी विचारले. अहिवळ्यांनी जे झाले तेच लिहायला सांगितले. ते वाक्य रजिस्टरमध्ये आहे, खाली त्यांची सही आहे.

दसऱ्याला अकराला बॉयलर पेटला. देवकात्यांनी पान्यांना परत हळद लावली होती. अहिवळे मांडवात मागे उभे होते. धूर सरळ वर गेला तेव्हा ते निघाले, कारण ताईबाई आणि रश्मी विहारात जायला जळोचीत थांबल्या होत्या. बॅटरी धुतलेल्या नाडीने गळ्यात होती.

त्यांची प्रतिष्ठा गेली का, हे कारखान्यात विचारले तर लोकांना प्रश्नच नीट कळत नाही. चेष्टा मात्र सुरू आहे. कोणाचा डबा सापडला नाही की, झेंडूखाली बघा, असे म्हणतात. अहिवळ्यांना त्याचे काही वाटत नाही. फळ्याचा नियम बदलला आहे: जो आत जातो त्याने रेघ मारायची नाही. यंदा ड्रमच्या कामात रेघा देवकाते मारतात. ते अहिवळ्यांना प्रत्येक वस्तू हात वर करून दाखवायला लावतात, गळ्यातली बॅटरीसुद्धा, आणि दिसत असली तरी विचारतात, “चालू करून दाखवा.”

अहिवळे चालू करून दाखवतात. बॅटरीच्या काचेभोवतीच्या खाचेत कुंकवाची बारीक तांबडी रेघ अजून आहे. सुईने निघेल, असे रश्मीने दोनदा सांगितले. उजेडाच्या आड येत नाही, मग कशाला, असे तिचे वडील म्हणतात.